घडी मोडायचा मान

एका जंगलात हौसाक्का नावाची एक घूस राहत होती आणि तिच्यावर कुणी म्हणजे कुणीच विश्वास ठेवला नाही.

हे आधीच सांगून टाकते. नंतर "आम्हाला कुठं माहीत होतं" म्हणाल. बाळांनो, नीट बसा. मागच्यांनी चुळबुळ करायची नाही. आणि घूस म्हटल्याबरोबर ज्यानं नाक मुरडलं, त्यानं उठून बाहेर जावं. गोष्ट तिचीच आहे.

घूस म्हणजे उंदराची थोराड बहीण. हौसाक्का अंगानं थोराड होती आणि तोंडानं फटकळ होती. गोड बोलायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तरी ती शिकली नसती. पण तिचे पुढचे दोन दात म्हणजे काय सांगू! सुतारानं बघितले असते तर मागून घेतले असते.

त्या जंगलात माणसं वनभोजनाला यायची. जेवायची, नाचायची, आपलेच फोटो काढायची आणि घाण टाकून निघून जायची. तंबूच्या नायलॉनच्या दोऱ्या झाडांना तशाच राहायच्या. मग त्यात कुणाच्या तरी पिल्लाचा पाय अडकायचा. ओढला की दोरी आवळायची.

"हौसाक्का, धाव गं!"

हौसाक्का धावायची. दातांनी दोरी कुरतडायची. पिल्लू सुटायचं. आणि पिल्लाची आई पहिलं वाक्य काय बोलायची?

"चल रे घरी. अंगाला वास लागेल."

हौसाक्का म्हणायची, "जा, जा. आणि पुन्हा अडकलात तर अत्तर लावून येते."

एके दिवशी सशाचं पिल्लू सोडवताना दोरीच्या आत तार निघाली. कट्ट आवाज झाला. हौसाक्काला वाटलं तार तुटली. तुटला होता दात.

घुशीचे दात पुन्हा वाढतात म्हणे. तरण्याताठ्या घुशींचे वाढतात. हौसाक्काला आता नातवंडं होती. उरलेला एक दात हलायला लागला होता. ती बिळात बसून विचार करत राहिली. तिला दाताचं दुःख नव्हतं. पुढच्या खेपेला कुणाचं लेकरू अडकलं तर ते सोडवायचं कशानं, हा घोर होता.

ती उठली, करवंदांची टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराला निघाली.

जंगलाच्या कडेला मंगळवारचा बाजार भरायचा. तिथं एक लोहारीण विळे, खुरपी, अडकित्ते मांडून बसायची.

"काय गं, नुसती बघतेस?" लोहारीण म्हणाली.

"चाकू दाखव. घडीचा. मिटून ठेवता आला पाहिजे. आमच्यात पोरंबाळं लोळतात, उघडं पातं चालायचं नाही."

"कशाला हवाय?"

"दोरी कापायला."

"आणखी?"

"रोज जे समोर येईल ते कापायला. शोभेला नकोय."

लोहारणीनं तीन चाकू पुढं टाकले.

हौसाक्कानं पहिला उघडला. पातं चिमटीत धरून हलवलं. ते लुकलुकलं. "हे माझ्या दातासारखंच हलतंय," म्हणाली आणि बाजूला ठेवलं.

दुसरा उघडला. पात्याच्या पाठीवर थाप मारली. पातं मिटलं. "हा दोरीच्या आधी माझी बोटं कापेल."

तिसऱ्याची मूठ लाकडाची होती. पातं बोटभर होतं. नखानं उघडलं तसं खट् करून खटका बसला. तिनं पाठीवर थाप मारली. पातं जागचं हललं नाही. तिनं मूठ पाण्यात बुडवून धरली. हातातून सुटली नाही. मग तिनं शेजारच्या पोत्याची दोरी धरली आणि एका ओढीत कापली.

"अगं माझी दोरी!" लोहारीण ओरडली.

"गाठ मारून देते. बोथट झाला तर काय करायचं?"

"ओढ्याचा दगड आहे ना? घास त्यावर. सांध्यात थेंबभर तेल सोड आणि ओला मिटू नकोस. इतकंच याचं शास्त्र."

"घे करवंदं."

"टोपलीसकट?"

"टोपली परत दे. पुढच्या मंगळवारी आणखी चार चाकू लागतील."

झाला सौदा. बाळांनो, चाकू कसा घ्यावा ते तुम्हाला कळलं. शहाणी माणसं इथंच गोष्ट संपवतील. पण हौसाक्का जंगलात राहत होती.

चाकू आपल्याच बिळात ठेवावा असं तिच्या मनात आलं नाही. ही तिची एक चूक. तिनं तो घेऊन सरळ वडाखालची सभा गाठली.

सभेच्या अध्यक्ष होत्या गजराबाई हत्तीण. मोठ्या घरच्या होत्या आणि स्वतःही मोठ्या होत्या. चिटणीस होते रंगराव वानर. त्यांचं अक्षर चांगलं होतं, त्यामुळं ते काय लिहितात हे कुणी वाचत नसे.

हौसाक्कानं चाकू पुढं ठेवला. "हा वडाला टांगून ठेवा. ज्याचं लेकरू अडकेल त्यानं घ्यावा, दोरी कापावी, परत आणून टांगावा. असेच चार आणू, चारी वाटांना चार. माझे दात संपले. मी आता धावून उपयोग नाही."

गजराबाईंनी सोंडेनं चाकू उचलला आणि डोळ्याजवळ नेला. "एवढासा?"

"दोरी केवढीशी असते?" हौसाक्का म्हणाली.

"काय दिलंत याचं?" रंगरावांनी विचारलं.

"टोपलीभर करवंदं."

"इतका स्वस्त? मग याच्यात काहीतरी गोम असणार."

"असेल तर दाखवा गोम. मी बघून आणलाय."

तेवढ्यात फांदीवरून आवाज आला. "कंपनी कुठली?"

हा गुलछबू पोपट. यानं तीन वर्षं शहरात पिंजऱ्यात काढली होती. त्याचा मालक दिवसभर मोबाइलवर चाकूंचे व्हिडिओ बघायचा आणि रात्री बायकोकडून कांदा चिरून घ्यायचा. त्यामुळं गुलछबूला चाकूंबद्दल सगळं माहीत होतं. त्यानं जन्मात काही कापलेलं नव्हतं, पण ज्ञानाला त्याची गरज नसते.

"कंपनी नाही. लोहारीण आहे," हौसाक्का म्हणाली.

"स्टार किती?"

"कसले स्टार?"

"लोकांनी याला किती स्टार दिलेत?"

"मी दोरी कापून बघितली."

"तुम्ही बघितलंत हो, आक्का. पण लोक काय म्हणतात?"

"अरे मेल्या, मी लोकांतच येते ना?"

सगळे हसले. सुंद्रा भेकरीण जरा जास्तच हसली. ही दिसायला नाजूक, बोलायला नखरेल आणि हसली की भुंकल्यासारखी हसायची. तिला टिपरी नावाचं एक पाडस होतं. ती म्हणाली, "घुशीच्या हातचा चाकू! उद्या याच्यानं फळ कापायचं झालं तर कुणी तोंडात घालेल का?"

"मी खोटं सांगत नाही," हौसाक्का म्हणाली. "हा चाकू चांगला आहे. एकानं तरी म्हणा, की हौसाक्का, तुझं बरोबर आहे."

कुणी आभाळाकडं बघितलं, कुणी खुराकडं.

"सगळे सभासद हजर आहेत का?" गजराबाईंनी विचारलं.

"कोंडीबा कासव नाहीत," रंगराव म्हणाले. "तळ्याच्या पलीकडून यायचंय त्यांना. निरोप मिळाला, निघालेत."

"येतील सावकाश. आपण समिती नेमू."

चाकू निवड समिती नेमली. गजराबाई, रंगराव, गुलछबू आणि धुरपा रानम्हैस. धुरपाला घेतली, कारण ती कशालाच नाही म्हणत नसे. हौसाक्काचा चाकू "नमुना" म्हणून समितीनं जमा करून घेतला. हौसाक्का म्हणाली, "तो माझा आहे." रंगरावांनी ते लिहून घेतलं. लिहून घेतलेली गोष्ट परत मिळत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

समिती रोज सकाळी बसू लागली. फराळाला पेरू असायचे. पहिल्या दिवशी रंगराव म्हणाले, "पेरू कापायला काही आहे का?"

"तो नमुना आहे ना पडलेला," धुरपा म्हणाली.

रंगरावांनी नमुना उघडला. खट्. पेरूच्या फोडी केल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. मग चाकू कसा असावा यावर चर्चा सुरू झाली.

गजराबाई म्हणाल्या, "पहिली गोष्ट धार. धारेचं बघा आधी."

रंगरावांनी धुरपाकडं मान वळवली, कारण पुढचा पेरू तिच्याजवळ होता. "धार किती?"

धुरपा लाजली. "मला काय विचारता, भाऊजी? मी आटलेय आता. पारडी पीत होती तेव्हा दोन्ही वेळची मिळून घागर भरायची."

रंगरावांनी तेही लिहून घेतलं. "धार: एक घागर." पुढं दोन आठवडे समिती घागरभर धार असलेला चाकू शोधत होती.

मग मुठीवर चर्चा झाली. मग रंगावर झाली. मग पात्यांच्या संख्येवर झाली. गुलछबू म्हणाला, "एका पात्याचा चाकू आता कुणी वापरत नाही. बावीस पाती हवीत. त्यात कात्री, करवत, दातकोरणं, बाटली उघडायचा आकडा आणि भिंग."

"बाटली कुणाकडं आहे?" धुरपानं विचारलं.

"नाही ना? मग उद्या आली तर उघडणार कशानं?"

गुलछबूनं छाती फुगवली. दोन पेरू खाल्ले.

हौसाक्का रोज येऊन सभेच्या कडेला उभी राहायची. "अहो, तुमच्या हातातला चाकू बघा ना. सव्वा महिना झाला, रोज शंभर पेरू कापताय. धार गेली का? खटका ढिला झाला का?"

"आक्का, मध्ये बोलू नका," रंगराव फोड कापता कापता म्हणायचे. "आम्ही चांगला चाकू शोधतोय."

चाकूचा खटका पक्का होता, म्हणून की काय, समितीतच खटके उडायला लागले. गुलछबूला लाल मूठ हवी होती. गजराबाईंना मोठी हवी होती. रंगरावांना दोन्ही कागदावर लिहिता येतील अशी हवी होती. कोंडीबांना बोलवा, त्यांचं मत घेऊ, असं ठरलं. कळलं की कोंडीबा निघालेत, जांभळीपर्यंत पोचलेत.

शेवटी दीड महिन्यानं गुलछबूनं शहरातून चाकू मागवला. त्यासाठी जंगलाचा उन्हाळ्याचा सगळा मध द्यावा लागला. अस्वलं आठवडाभर कुणाशी बोलली नाहीत. पण चाकू काय होता! मखमली डबीत बसलेला. मुठीवर मोराची नक्षी. बावीस पाती. भिंगातून बघितलं तर चव्वेचाळीस दिसायची.

हौसाक्कानं एक पातं उघडून हलवलं. ते लुकलुकलं. पाठीवर थाप मारायला पंजा उचलला, तर गुलछबू किंचाळला, "हात लावू नका! घडी मोडेल!"

आणि सगळ्या सभेनं एकदम कान टवकारले. कारण शब्द बाहेर पडला होता.

बाळांनो, घरात नवी साडी आली तर तुमची आई ती लगेच नेसते का? नाही. आधी घरातल्या मोठ्या बाईला नेसायला देते. त्याला घडी मोडणं म्हणतात. मोठा मान असतो तो. त्या मानापायी सख्ख्या जावा दिवाळीत एकमेकींकडं पाठ करून बसलेल्या आहेत. मग चाकू तर नावानंच घडीचा. त्याची घडी कुणीतरी मोडायलाच पाहिजे की नको?

"मान गजराबाईंचा," रंगराव म्हणाले.

गजराबाईंनी मान खाली घातली. "नको बाई, माझा कसला मान." म्हणजे हो.

"उद्याच मोडू," धुरपा म्हणाली.

"उद्या अधिक महिना लागतोय," गजराबाई म्हणाल्या. "अधिकात नवी वस्तू काढत नाहीत. महिना जाऊ दे."

हौसाक्का पुढं आली. "आणि महिन्यात कुणी अडकलं तर?"

"अडकू नका म्हणून सगळ्यांना सांगा," रंगराव म्हणाले.

डबी वडाच्या ढोलीत ठेवली. हौसाक्का म्हणाली, "मग निदान माझा नमुना तरी परत द्या." रंगराव म्हणाले, "तो सध्या वापरात आहे." आणि पेरू कापला.

अधिक महिना संपायला दोन दिवस होते. दुपार होती. करंजाच्या झाडाखाली, जिथं माणसं वनभोजन करून गेली होती, तिथं टिपरी उड्या मारत होती. चौथ्या उडीला खाली आलीच नाही. म्हणजे आली, पण मागचा पाय वरच राहिला.

सुंद्राचं भुंकणं सगळ्या जंगलात ऐकू गेलं. "हौसाक्का, धाव गं!"

हौसाक्का धावली. उरल्या दातानं दोरी धरली. दात दोरीवरून घसरला, पुन्हा धरली, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी दात दोरीत राहिला आणि हौसाक्का मागं पडली.

"ओढू नकोस, टिपरे. ओढलंस की आवळतं. गप राहा, माझी बाय."

"चाव ना, हौसाक्का!" सुंद्रा रडत होती.

"काय चावू, हिरड्या? वडाकडं पळ. चाकू आण."

"कुठला?"

"कुठलाही!"

सुंद्रा पळाली. वडाखाली जाऊन अशी भुंकली की गुलछबू फांदीवरून पडला. "माझ्या लेकीचा पाय जाईल! डबी काढा!"

"अजून दोन दिवस आहेत," रंगराव म्हणाले.

सुंद्रानं शिंगं नसलेलं डोकं खाली केलं आणि त्यांच्या पोटाच्या दिशेनं दोन पावलं टाकली. रंगराव म्हणाले, "अडचणीच्या वेळी चालतं."

मग काय, मिरवणूकच निघाली. पुढं डबी, मागं समिती. घडी मोडायची म्हणजे तोंड गोड करायला हवं, म्हणून रंगरावांनी पेरूंचं ताट घेतलं आणि कापायला नमुना घेतला.

करंजाखाली टिपरीचा पाय जांभळा पडला होता. ती आता ओरडतही नव्हती.

"द्या इकडं," हौसाक्का म्हणाली.

"हातात नाही द्यायचा!" गजराबाई ओरडल्या. "चाकू हातात दिला की भांडण होतं. खाली ठेवा, मग दुसऱ्यानं उचलायचा."

रंगरावांनी डबी खाली ठेवली. गुलछबूनं उचलायला चोच लावली. चाकू त्याच्याहून जड होता. त्यानं तो फरफटत धुरपापुढं नेला. धुरपानं तोंडात धरून गजराबाईंपुढं ठेवला. वाटेत त्याची तीन पाती आपोआप उघडली आणि दोन आपोआप मिटली.

"लवकर!" सुंद्रा म्हणाली.

गजराबाईंनी चाकू सोंडेत घेतला. पातं उघडायला नख लागतं. सोंडेला नख नसतं. त्यांनी इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"घडी मोडा, अध्यक्षबाई!" गुलछबू ओरडला.

"मोडा! मोडा!" सगळे ओरडले.

"मोडू?"

"मोडा हो!" रंगराव म्हणाले. "मुहूर्त चाललाय!"

गजराबाई मोठ्या घरच्या. सगळ्यांचा आग्रह त्यांना मोडवला नाही. म्हणून त्यांनी चाकू खाली ठेवला आणि त्याच्यावर पाय दिला.

कडाड्.

बावीस पाती बावीस दिशांना गेली. भिंग एका बेडकाच्या डोळ्यावर बसलं आणि त्याला पहिल्यांदाच आपली बायको नीट दिसली.

"मोडली," गजराबाई म्हणाल्या. "आणखी काही मोडायचंय का?"

तेवढ्यात एक आवाज आला. खट्. घाबरले की रंगरावांना भूक लागायची. त्यांनी नमुना उघडून पेरूला लावला होता.

हौसाक्कानं तो त्यांच्या हातातून हिसकला. हातातल्या हातात, खाली न ठेवता. गजराबाईंनी डोळे मिटले. हौसाक्कानं पातं दोरीखाली सरकवलं आणि एकदा ओढलं.

सर्र.

टिपरी खाली पडली. उठली. तीन पायांवर लंगडली. मग चार पायांवर लंगडली. मग आईच्या पोटाखाली शिरून बघायला लागली.

"चल गं घरी," सुंद्रा म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं. तिनं हौसाक्काकडं बघितलं आणि ते गिळलं. "उद्या येते गं, हौसाक्का," म्हणाली.

हौसाक्कानं पातं पुसलं, मिटलं आणि मुठीत धरून ठेवलं. या खेपेला तिनं ते कुणाला दिलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. हौसाक्काचं खरं ठरलं, सगळ्यांनी तिची माफी मागितली, लोहारणीचे चार चाकू आले. तुम्ही अजून लहान आहात.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. चूक कुणाची?

गजराबाई म्हणाल्या, "मला मोडा म्हणाले, मी मोडली. मी माझ्या मनानं काही करत नाही."

रंगराव म्हणाले, "मी 'घडी मोडणे' असंच लिहिलं होतं. ऱ्हस्वदीर्घ तपासून बघा."

गुलछबू म्हणाला, "मी फक्त माहिती देतो. ऐकणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर ऐकायचं असतं."

धुरपा म्हणाली, "मी आटलेय."

मग सगळ्यांनी हळूच हौसाक्काकडं बघितलं. रंगरावांनी घसा साफ केला. "मंजुरी नसलेला चाकू भर समारंभात..."

हौसाक्कानं मूठ उघडली. खट्.

"...वापरल्याबद्दल तूर्त काही म्हणणं नाही," रंगरावांनी वाक्य पुरं केलं.

खूप वेळ विचार झाला. शेवटी असं ठरलं, की जे जे हजर होते त्यांनी आपापलं काम चोख केलं. हजर असलेल्यांत कुणाचीच चूक नाही.

एवढ्यात गवत हललं. गवतातून एक डोकं बाहेर आलं. धुळीनं माखलेलं, सुरकुतलेलं, हसरं.

"रामराम, मंडळी," कोंडीबा कासव म्हणाला. "पहिल्या निरोपाला निघालो बघा. कुठंही थांबलो नाही. चाकूचं ठरायचंय ना? वाटेत मी नीट विचार केलाय. हौसाक्काचं आयुष्य गेलं दोऱ्या कापण्यात. कापायचं कसं, हे तिच्याहून जास्त कुणाला कळणार? ती म्हणते तोच चाकू घ्या. माझं मत तिला."

हौसाक्काच्या हातातला चाकू खाली आला. अडीच महिने ती या एका वाक्याची वाट बघत होती. आणि ते वाक्य अडीच महिने चालत तिच्याकडं येत होतं.

सभेत कुजबुज झाली. रंगरावांनी पानं उलटली. त्यांचा चेहरा उजळला.

"कोंडीबा, तुम्ही पहिल्या सभेला गैरहजर."

"चालत होतो."

"दुसऱ्या सभेला गैरहजर. एकूण साठ सभांना गैरहजर. घडी मोडायच्या मानाच्या वेळीसुद्धा गैरहजर. तुम्ही वेळेवर येऊन हे मत दिलं असतं, तर हौसाक्काचा चाकू तेव्हाच मंजूर झाला असता. मध गेला नसता, टिपरीचा पाय सुजला नसता, बावीस पाती वाया गेली नसती. योग्य काय ते तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ते अडीच महिने दाबून ठेवलंत!"

"शी!" गुलछबू म्हणाला.

"मला तर पहिल्यापासूनच संशय होता," धुरपा म्हणाली.

"अरे, लाजा वाटतात का?" हौसाक्का ओरडली. "मी साठ सभा ओरडत होते, तेव्हा कुठं गेले होते तुमचे कान? त्याची काही चूक नाही!"

पण हे हौसाक्का बोलत होती. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

कोंडीबानं एकदा सगळ्यांकडं बघितलं. मग त्यानं डोकं आत घेतलं, चारी पाय आत घेतले, शेपूट आत घेतलं. स्वतःची अशी घडी घातली, की ती मोडायला आजवर कुणी पुढं आलेलं नाही.

तात्पर्य: चाकू निवडताना पातं हलवून बघू नये, खटका ठोकून बघू नये, दोरी कापून बघू नये. त्यानं चांगला चाकू मिळतो आणि मग सभेत कुणी उभं करत नाही. चुकीचं मत घेऊन वेळेवर पोचावं, खुर्ची मिळते आणि पेरूही मिळतो. पण बरोबर मत घेऊन उशिरा जाल, तर 'चूक कुणाची?' पुढची रिकामी जागा तुमच्या नावानं भरली जाईल. पाटीवर लिहून घ्या. चूक कुणाची? कोंडीबाची. अडलेल्या चाकूची? कोंडीबाची. मोडलेल्या घडीची? सगळ्यांनी एका सुरात, मोठ्यानं: कोंडीबा.